सरांच्या मोरीतल्या मुंग्या

"या गोळ्या खोट्या आहेत," काकू म्हणाल्या आणि अर्धी संपलेली स्ट्रिप त्यांनी काउंटरवर आपटली.

भर गर्दीची वेळ. काउंटरला आमची नेहमीची माणसं, बाहेर हरिहरेश्वरला निघालेली एक गाडी उभी, तिच्यातले लोक उलटीच्या गोळ्या मागतायत. सगळ्यांनी माना वळवल्या. मेडिकल चालवायला लागून मला वीसेक वर्षं झाली. निशा फटकळ आहे, निशा उधार देत नाही, निशा चिठ्ठीशिवाय झोपेची गोळी देत नाही, सगळं ऐकून घेतलंय. पण माझ्या दुकानात उभं राहून खोटी गोळी हा शब्द कुणी काढला नव्हता.

"काकू, जरा हळू. झालंय काय?"

"मोरीत मुंग्या झाल्यात. रांगाच्या रांगा! रात्री उठते तेव्हा बघते ना मी. गोळी खरी असती तर ह्यांची शुगर उतरली असती. शुगर उतरली असती तर लघवीला मुंग्या कशाला लागल्या असत्या?"

मागे उभ्या असलेल्या सखारामदादांनी खिशातून आपली स्ट्रिप काढली आणि उजेडात धरून उलटसुलट करून बघायला लागले. "ताय, मंग ही पन खोटी हाय काय?"

"दादा, ती प्रेशरची आहे. ठेवा खिशात."

"न्हाय, ईचारला आपला."

म्हटलं, झालं! संध्याकाळपर्यंत ही बातमी बंदरापर्यंत जाणार.

काकू म्हणजे शैलाकाकू, मुकुंदसरांची बायको. सर आमच्या हायस्कूलात गणित शिकवायचे. मला वर्गमूळ त्यांनीच शिकवलं, बाकावर छडी आपटून आपटून. आता रिटायर होऊन समुद्राकडच्या आळीत असतात. नारळी-सुपारीची वाडी आहे, वाडीत पाहुण्यांसाठी दोन खोल्यांचं होमस्टे आहे. काकूंच्या हातचे उकडीचे मोदक खायला पुण्या-मुंबईची माणसं पुन्हा पुन्हा येतात. अख्खा गाव सरांना वचकून असतो आणि सर काकूंना.

मी स्ट्रिप हातात घेतली. प्रत्येक स्ट्रिपवर एक नंबर छापलेला असतो, त्याला बॅच नंबर म्हणतात. एका घाण्यात तयार झालेल्या सगळ्या गोळ्यांचा नंबर एकच. मला माल येतो त्या बिलावरही तोच नंबर असतो. मी बिल काढलं आणि सगळ्यांच्या देखत दोन्ही नंबर मोठ्याने वाचले. जुळले. मग म्हटलं आता तोंड उघडलंच आहे तर पुरतंच सांगावं.

"काकू, या मुंग्या गोळी खोटी असल्याच्या नाहीत. गोळी खरी असल्याच्या आहेत."

"म्हणजे?"

"आपली किडनी रक्तातली साखर लघवीतून बाहेर जाऊ देत नाही. गाळते आणि परत आत घेते. काटकसरी बाईसारखी. ही जी नवीन जातीची गोळी आहे, जिच्या नावाच्या शेवटी ग्लिफ्लोझिन येतं, ती किडनीला सांगते की परत घेऊ नकोस, टाकून दे. म्हणून साखर लघवीवाटे बाहेर जाते आणि रक्तातली उतरते. मुंग्यांची चंगळ होते, माणसाचं भलं होतं."

सखारामदादा खूश झाले. "म्हंजी मुंग्यांनीच सर्टिफिकीट दिलान की!" लोक हसले. गाडीतल्या बाईने उलटीच्या गोळ्यांचं एक पाकीट जास्तच घेतलं. माझ्या दुकानाची अब्रू वाचली.

काकू मात्र हसल्या नाहीत आणि गेल्याही नाहीत. बाकावर बसून म्हणाल्या, "गिऱ्हाइकं होऊ दे तुझी. मी थांबते."

आता मी मुळातच संशयी बाई. धंद्याने तसं केलंय म्हणा. माणूस एक औषध मागतो आणि त्याची नजर दुसऱ्याच बाटलीवर असते, हे रोज बघते. काकूंच्या शंकेचं उत्तर मिळालं होतं. मग थांबल्या कशाला? कुठेतरी पाणी मुरत होतं.

दुकान रिकामं झाल्यावर त्यांना मागच्या खोलीत घेऊन गेले. सलाइनच्या खोक्यांवर बसल्या. प्यायला पाणी मागितलं. बाटली दिली ती एका दमात संपवली. मग कमरेची पिशवी सोडली आणि एक चुरगळलेली ट्यूब माझ्या हातात ठेवली.

"हे कशाचं?"

ट्यूबवरचं नाव नखाने खरवडलेलं होतं. पण आम्हाला नाव लागत नाही, रंगावरून कळतं.

"बुरशीचं मलम आहे. खाजेचं. कुठे सापडलं?"

"सुपारीच्या पोत्यात. निवडायला घेतली तर हाताला लागलं. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. निशा, माणूस आपल्याच घरात औषध पोत्यात का लपवतो?"

काकूंनी पुढचं भराभर सांगितलं. सर अधूनमधून सकाळच्या गाडीने म्हसळ्याला जातात, तिथून गाडी बदलून तळ्याला. वामनरावांना बघायला जातो म्हणतात. वामनराव म्हणजे सरांबरोबर शाळेत होते ते, त्यांचं गाव तळा. मागच्या महिन्यात काकू पालीला बल्लाळेश्वराच्या दर्शनाला गेल्या, तर रांगेत वामनरावांची बायको भेटली. ती म्हणाली, अहो आम्ही कधीचेच मुलाकडे पनवेलला गेलो, तळ्याचं घर बंद आहे.

"मग हे बंद घरात कुणाला बघायला जातात?" काकूंचा आवाज चिरकला. "आणि आता माझ्याजवळही येत नाहीत. पडवीत झोपतात. उकडतं म्हणे. पंख्याखाली उकडतं आणि पडवीत डास चावतात ते चालतं?"

खरं सांगते, माझ्याही मनात पाल चुकचुकली. सर! ज्यांनी आम्हाला मधल्या सुट्टीत मुलांशी बोलू दिलं नाही, ते सर!

"एवढंच नाही," त्या आता माझ्याकडे न बघता बोलत होत्या. "मलाही झालंय. खाली. दोन महिने होतील. नुसती आग. कुणाला सांगू? देवापुढे उभी राहते तरी लाज वाटते. त्यांनी मला काय दिलंय गं? बाहेरून काय आणलंय?"

म्हणजे हे होतं. मुंग्यांच्या आडून हे विचारायला आल्या होत्या. मला त्यांचा राग आला होता तो कुठल्या कुठे गेला. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. चोळी सैल झाली होती, खांद्याची हाडं हाताला लागत होती.

"काकू, ऐका. लघवीत साखर आली की तिथल्या कातडीवर बुरशी धरते. पावसाळ्यात चपलेला येते ना, तीच जात. या गोळीने काही जणांना हा त्रास होतो. तो वाईट चालीचा रोग नव्हे. म्हणून तर गोळी पहिल्यांदा नेलीत तेव्हा मी तुम्हाला सांगितलं होतं, सरांना सांगा, पाणी भरपूर प्यायचं, लघवीनंतर धुवायचं, कोरडं ठेवायचं. सांगितलंत का?"

काकू ताठ झाल्या. "मी? असलं मी त्यांना सांगू? आणि आमच्या घरात तू स्वच्छता शिकवायचीस?"

धन्य! ती गोळी त्या रोज सकाळी स्वतःच्या हाताने सरांना द्यायच्या. सर गिळेपर्यंत समोर उभ्या राहायच्या. गोळी पोचली, निरोप मात्र उंबऱ्यावरच राहिला.

"बरं, तुमचीही शुगर बघून घेऊ. मशीन आहे इथे, एक थेंब रक्त लागतं."

त्यांनी हात पदराखाली ओढून घेतला. "मला काय झालंय? मी चहासुद्धा बिनसाखरेचा घेते. आणि घरी पाहुणे बसलेत. बोटाला भोक पाडून उकड मळू होय मी? माझं सोड. तू एवढंच शोधून काढ, ते तळ्याला कुणाकडे जातात."

मी फार्मसिस्ट. डिटेक्टिव्ह नव्हे. पण शोधायला फार लांब जावं लागणार नाही याचा मला अंदाज होता.

इथे आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगते. मी बाई. त्यातून गावची मुलगी. लाजेचं औषध माझ्याकडून घ्यायला गावातला एकही पुरुष येत नाही. निरोध असो, मूळव्याध असो, खाज असो, सगळे गाडीत बसून दुसऱ्या गावाला जातात, जिथे काउंटरवर पुरुष असतो आणि ओळख नसते. उलट त्या गावांच्या बायका माझ्याकडे येतात. दोन्हीकडची दुकानं यावर चालतात. त्यात गोम अशी, की शुगरची गोळी एका गावातून आणि तिच्यामुळे झालेल्या खाजेचं मलम दुसऱ्या गावातून. दोन्ही औषधं एका माणसाच्या डोळ्यांसमोर कधी येतच नाहीत.

तळ्याच्या मेडिकलवाल्या शेठना मी ओळखते. माल संपला की एकमेकांना फोन करतो. लावला.

"शेठ, एक विचारायचं होतं. उंच गृहस्थ, हातात छत्री, घसा खाकरून बोलतात, तुमच्याकडे मलम घ्यायला येतात का?"

"येतात ना. शुद्ध बोलतात एकदम. मी 'पैशे' म्हटलं तर 'पैसे' म्हणाले."

"तेच. शुगर आहे का विचारलंत?"

"विचारलं. नाही म्हणाले. पुतण्यासाठी पाहिजे म्हणाले. ताई, माझ्याकडची सगळी मलमं पुतण्यांसाठीच जातात."

"त्या मलमात स्टेरॉइड आहे शेठ. आधी गार वाटतं आणि मग दुप्पट वाढतं. विनाचिठ्ठीचं कसं देता?"

"आणि आमच्या बायका तुमच्याकडे येतात, त्या कुणासाठी नेतात?"

"नणंदेसाठी," मी म्हटलं.

"मग?" शेठ हसले. पण एक कामाचं बोलले. सर मलम घेतात, स्टँडवर चहा पितात आणि परतीच्या गाडीत बसतात. दुसरीकडे कुठे जात नाहीत. शेठचं दुकान स्टँडसमोरच आहे, त्यांना सगळं दिसतं.

आता सरांना पकडायचं होतं. ते माझ्या दुकानाची पायरी चढत नसत. काकू पुढची स्ट्रिप न्यायला आल्या तेव्हा मी सांगितलं, "सरांना स्वतः पाठवा. आता नियम आलाय, ज्याचं औषध त्यानेच न्यायचं." असा नियम कुठेही नाही.

दुसऱ्या दिवशी सर आले. छत्री काउंटरला टेकवली.

"कुठला नियम? परिपत्रक दाखव."

"सर, आत या."

"इथेच बोल."

"इथे बोलले तर सखारामदादा ऐकतील."

सखारामदादा लगेच म्हणाले, "न्हाय हो, माला जरा कमीच आयकाय येतंय," आणि आणखी जवळ सरकले. सर आत आले.

मी ट्यूब दाखवली नाही. नुसतं म्हटलं, "सर, शुगरची गोळी नवीन सुरू झाल्यापासून खाली खाज सुटते का?"

सरांचा चेहरा बघवेना. फळ्यावरचं गणित चुकल्यावर मुलांचा व्हायचा तसा झाला. मग चिडले. "शैला बोलली तुझ्याशी? आमच्या घरातल्या गोष्टी बाजारात..."

"कुणी बोलायला नको. हा त्या गोळीचा साइड इफेक्ट आहे. पाकिटातल्या कागदावर छापलेला असतो."

"तो कागद वाचता येतो कुणाला? मुंगीच्या पायाएवढी अक्षरं!" मग एकदम आवाज उतरला. "गोळीने? नक्की गोळीने?"

"तुम्हाला काय वाटलं होतं?"

"मला वाटलं पाहुण्यांच्या खोलीतून काही लागलं. त्यांचे टॉवेल, चादरी मीच धुवायला टाकतो. कुठली कुठली माणसं येतात. वाटलं, काहीतरी भयंकर आहे. हिला सांगितलं असतं तर हिने होमस्टे बंद केलं असतं. आणि... हिला लागू नये म्हणून पडवीत झोपायला लागलो."

नवरा बाहेर झोपत होता बायकोला जपायला, आणि बायको आत जागी राहून त्याचा हिशोब मांडत होती. सरांना मी सगळं सांगितलं नाही. काकूंचं काकूंनी सांगायचं.

"डॉक्टरांना फोन लाव," सर म्हणाले. "माझ्याच्याने बोलवणार नाही."

डॉक्टर श्रीवर्धनचे. घाईतच असतात. मी सांगितल्यावर म्हणाले, "मी पेशंटला बोललो होतो. जेनिटल हायजीन मेंटेन करा म्हणून सांगितलं होतं."

"मग सर काय म्हणाले?"

"येस, येस म्हणाले."

मी सरांकडे बघितलं. सर छताकडे.

"पाठवा त्यांना," डॉक्टर म्हणाले. "गोळी मनाने बंद करायची नाही, मी बघतो आधी. आणि मिसेसना त्रास असेल तर त्यांनाही आणा."

सर गेले. डॉक्टरांनी तपासलं, बुरशीचं नीट औषध दिलं, ती गोळी थांबवली आणि सर आधीपासून घेत होते त्या जुन्या गोळीचा डोस वाढवला. जुनी गोळी म्हणजे मेटफॉर्मिन. चांगली गोळी, पण वाढवली की सुरुवातीला काही जणांचं पोट ढवळतं, गॅस होतो, धावपळ होते. सरांची झाली. मी सांगितलं, जेवणाबरोबर घ्या, होईल सवय. तळ्याला कशाला जायचे ते सरांनी एव्हाना काकूंना सांगितलं होतं. काकू म्हणाल्या, "होऊ दे धावपळ. आता तळ्याची गाडी पकडून दाखवा म्हणावं."

काकू मात्र डॉक्टरकडे गेल्या नाहीत. बुकिंग आहे, नारळ उतरवायला माणूस यायचाय, एकादशी आहे. माझ्याकडे मलम मागितलं. मी म्हटलं, तपासल्याशिवाय देणार नाही. त्यावर म्हणाल्या, "त्यांच्यामुळे झालंय ना? त्यांचं बरं झालं की माझं होईल आपोआप."

सरांचं बरं झालं. पडवीतली गादी आत गेली. मला वाटलं, मिटलं प्रकरण.

काही आठवड्यांनी काकू पुन्हा दारात. या वेळी काउंटरवर काही आपटलं नाही. त्याचीच जास्त भीती वाटली.

"तुम्ही सगळ्यांनी मिळून मला गुंडाळलंत," त्या म्हणाल्या.

"आता काय झालं?"

"तू म्हणालीस मुंग्या त्या गोळीने येतात. गोळी बंद होऊन किती दिवस झाले? मुंग्या आहेतच. उलट जास्त. म्हणजे एक तर ते ती गोळी अजून चोरून घेतात, नाहीतर माझे मोदक चोरून खातात, नाहीतर तू त्या दिवशी चार लोकांसमोर थाप मारलीस."

मला तीन आरोपांतला तिसरा लागला. मी सरांना फोन करून बोलावून घेतलं. मशीन काढलं, बोटाला सुई टोचली, थेंब पट्टीवर घेतला. सरांची शुगर अशी, की कुणाही डायबेटिसवाल्याला हेवा वाटावा. मोदक चोरून खाणाऱ्याची ही शुगर नव्हे.

"बघितलंत?" सर म्हणाले. पण मग मुंग्या आल्या कुठून?

"त्या मोरीत पाहुणे जातात का?" मी विचारलं.

"त्यांना खोलीत संडास-बाथरूम आहे," काकू म्हणाल्या. "आणि आठवडाभर कुणी आलेलंच नाही. मागची मोरी आमची. मी आणि हे."

मी आणि हे.

त्या बोलत असताना त्यांच्या हातात पाण्याची बाटली होती. दुकानात आल्यापासून निम्मी संपली होती. मला खोक्यांवरची ती बाटली आठवली. रात्री उठते तेव्हा बघते, असं पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या. कशाला उठत होत्या रात्री? चोळी का सैल झाली होती? आणि आग अजून का जात नव्हती? इतके दिवस मी काळजीच्या खात्यावर टाकलं होतं सगळं.

"काकू, हात पुढे करा."

"माझा?"

"तुमचाच."

"अगं मी साखर तोंडात घालत नाही..."

"शैला," सर म्हणाले, "हात पुढे कर." वर्गात म्हणायचे तसं म्हणाले. काकूंनी केला. मशीन आकडा दाखवायला थोडा वेळ घेतं, तेवढ्यात मीही देवाचं नाव घेतलं.

तीनशेच्या वर.

मी आकडा तोंडाने वाचला नाही. मशीनच फिरवून त्यांच्यासमोर धरलं. सरांनी चष्मा लावून बघितलं आणि खाली बाकावर बसले. मी सांगत होते की मशीनवर भरवसा ठेवायचा नाही, लॅबमध्ये नीट तपासायचं, साखर खाल्ल्यानेच शुगर होते असं नाही, शरीराला ती वापरता येईनाशी होते, तुमच्या आईलाही होती ना, औषधाने ताब्यात राहते. काकूंना यातलं काही ऐकू येत नव्हतं.

"म्हणजे त्या मुंग्या माझ्या?"

"आधीच्या दोघांच्याही असतील. आताच्या तुमच्या."

त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. "चाळीस वर्षांत एकदा ह्यांच्यावर संशय घेतला. देवाला नवस बोलले होते, ह्यांचं खरं काय ते बाहेर येऊ दे म्हणून. आणि बाहेर काय आलं, तर माझंच!" पदराने डोळे पुसले, नाक पुसलं. सरांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, दुकानात, माझ्या देखत. मी काउंटरकडे तोंड करून उगाच खोकल्याच्या बाटल्या सरळ करत बसले.

मग काकूंनी हळूच मला हाक मारली. सरांना ऐकू जाणार नाही अशी.

"निशा, कुणाला कळता कामा नये हं. मोदक करणाऱ्या बाईलाच शुगर, म्हटलं की लोकांना हसायला विषय. माझ्या गोळ्या लागतील त्या..." त्या घुटमळल्या. "तळ्याला मिळतील का गं?"

मी कपाळाला हात लावला.

डॉक्टरांकडे दोघं गेले. लॅबचा रिपोर्टही तेच म्हणाला. काकूंना गोळ्या सुरू झाल्या, त्यांच्या त्रासावर नीट औषध मिळालं. डॉक्टर म्हणाले की त्यांना तो त्रास सरांमुळे झाला असेल किंवा नसेलही, पण एवढी शुगर असताना तो जाणार कसा होता. चांगलं सुनावलं म्हणे त्यांनी काकूंना. काकूंना सुनावणारा माणूस मी अजून बघितलेला नाही.

गोळ्या न्यायला कोण येतंय, याची मी वाट बघत होते. शेठनाही फोन करून ठेवला होता, की छत्रीवाले गृहस्थ आले तर परत पाठवा. सर आले माझ्याकडेच, आणि तेही ऐन गर्दीत. सखारामदादा होते, शाळेतल्या दोन बाई होत्या, खोकल्याच्या रांगेत निम्मी आळी होती. काकू खाली रस्त्यावर, पायरीच्या आड उभ्या.

सरांनी घसा खाकरला. "निशा, डायबेटिसच्या दोन माणसांच्या गोळ्या दे. माझ्या आणि हिच्या. आणि बुरशीचं ते मलम, डॉक्टरांनी लिहिलेलं. तेही दे."

"अहो, हळू बोला!" खालून काकू.

"मी हळू बोललो असतो तर मागच्या बाकाला गणित आलं असतं का?" सर मागे न बघता म्हणाले.

कुणी हसलं नाही. सखारामदादांनी खिशातून आपली स्ट्रिप काढली, तिच्याकडे बघितलं आणि परत ठेवली. मग जरा वाकून मला म्हणाले, "ताय, ता मलम माला पन व्हया. पुतन्यासाठी न्हाय. माज्यासाठीच."

त्यांनाही मी आधी डॉक्टरकडे पाठवलं.

आता सरांच्या घरी रोज सकाळी दोन पेले पाणी भरलं जातं. सर काकूंसमोर उभे राहतात, त्या गोळी गिळेपर्यंत. मग काकू सरांसमोर. एकमेकांवर विश्वास नाही म्हणून नव्हे, सर म्हणतात, पडताळा पाहिल्याशिवाय उत्तर लिहायचं नसतं. मुंग्या गेल्या. काकू अजून रात्री बॅटरी घेऊन मोरी बघून येतात, पण आता उठतात त्या त्यासाठीच.

मी त्यानंतर एकच बदल केला. शुगरची गोळी न्यायला कुणीही आलं, बायको, मुलगा, शेजारी, की त्यालाच विचारते: आणि तुमची कधी बघितलीत? बहुतेक जण हात मागे घेतात. संशय घ्यायला माझी हरकत नाही, माझा धंदाच तो. फक्त घरातल्या सगळ्यांवर सारखा घ्यावा, आणि सुरुवात आपल्या बोटापासून करावी.